दोन सेवकांची भेट

‘योगायोग’ हा शब्द आमच्या गुरुविद्यालयात काहीसा संशयित मानला जात असे. ईश्वरी योजनेवरील व्याख्यान चालू असता कोणा विद्यार्थ्याच्या तोंडून तो निसटला, की वर्गात हलकासा हशा पिके. जेथे चिमणीच्या पडण्याचीही नोंद पित्याजवळ असते, तेथे योगायोगाला जागा कोठून उरणार, असा तरुण वयाचा सरळसोट हिशेब असे. संत थॉमस अक्वायनस मात्र इतके सरळसोट नाहीत. तेराव्या शतकातील या महापंडिताने आपल्या ‘सुम्मा थिओलॉजिका’ या ग्रंथात एक अगदी घरगुती दृष्टांत दिला आहे. एका धन्याने आपल्या दोन सेवकांना एकाच ठिकाणी पाठविले. पहिल्याला दुसऱ्याची वार्ता नाही आणि दुसऱ्याला पहिल्याची. तेथे पोहोचल्यावर अचानक दोघांची गाठ पडते. सेवकांच्या लेखी तो निव्वळ योगायोग होय. धन्याच्या लेखी ती योजून घडविलेली भेट असते.

या दृष्टांतात आम्हाला विशेष वाटते ते हे, की सेवकांचे आश्चर्य थॉमस यांनी खोटे ठरविलेले नाही. ते दोघे जेथे उभे आहेत, तेथून पाहता ती भेट खरोखरच अकस्मात आहे. आपल्या दुसऱ्या एका ग्रंथात तर त्यांनी स्पष्टच प्रतिपादन केले आहे, की ईश्वरी योजनेमुळे जगातील योगायोग नाहीसा होत नाही. पण एक गोष्ट त्यांनी सांगितलेली नाही. गाठ पडल्यानंतर ते दोन सेवक एकमेकांशी काय बोलले? एकाने दुसऱ्याकडे पाठ फिरविली, की दोघे जवळच्या ओट्यावर बसले? तत्त्वज्ञानाला त्या संभाषणाशी कर्तव्य नव्हते. आम्हा धर्मग्रामात काम करणाऱ्यांना मात्र त्याच्याशीच अधिक कर्तव्य असते.

त्या न सांगितलेल्या संभाषणाचे स्मरण आम्हाला एका जपानी चित्रपटाने करून दिले. र्‍युसुके हामागुची हे १९७८ साली जन्मलेले दिग्दर्शक. २०२१ साली त्यांचे दोन चित्रपट जगापुढे आले. त्यांपैकी ‘ड्राइव्ह माय कार’ला त्या वर्षी कान येथे पटकथेचे पारितोषिक आणि २०२२ मध्ये ऑस्कर मिळाल्यामुळे त्याचा बोलबाला झाला. दुसऱ्याला बर्लिन महोत्सवात परीक्षक मंडळाचे रौप्य अस्वल मिळाले, तरी तो जरा मागेच राहिला. इंग्रजीत त्याला ‘व्हील ऑफ फॉर्च्यून अँड फँटसी’ असे भारदस्त नाव दिलेले आहे. मूळ जपानी नाव ‘गुझेन तो सोझो’ हे याहून कितीतरी साधे आहे : योगायोग आणि कल्पना. दोन तासांच्या या चित्रपटात तीन स्वतंत्र कथा आहेत. एकीतील माणसे दुसरीत येत नाहीत. कथांच्या मधून शूमान या जर्मन संगीतकाराची पियानोवरील एक छोटीशी रचना तेवढी ऐकू येते. लघुकथांचा संग्रह हाती घेऊन आपण वाचतो, तशाच रीतीने तो पाहावयाचा आहे. मारामारी नाही, पाठलाग नाही. माणसे खोलीत समोरासमोर बसतात आणि बोलतात. धर्मगुरूच्या दिनक्रमाशी याचे नाते जुळते, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानी आले असेलच.

पहिल्या कथेतील मेइको ही तरुणी छायाचित्रणाचे काम आटोपून आपली मैत्रीण त्सुगुमी हिच्यासह रात्री टॅक्सीने घरी निघाली आहे. त्सुगुमीला नुकताच एक पुरुष भेटला आहे आणि त्या भेटीचे वर्णन करताना तिला शब्द पुरत नाहीत. पूर्वीच्या एका प्रेयसीने त्याला फार दुखावले होते, असेही ती सांगते. ती उतरून गेल्यावर मेइको चालकाला टॅक्सी मागे फिरविण्यास सांगते. कारण तो पुरुष तिचाच पूर्वीचा प्रियकर आणि त्याला दुखावणारी ती स्वतःच. त्याच रात्री ती त्याच्या कार्यालयात जाऊन उभी राहते आणि जुन्या जखमेवरची खपली निघते. काही दिवसांनी दोघी मैत्रिणी एका उपाहारगृहात काचेच्या खिडकीपाशी बसल्या असता तोच पुरुष बाहेरून जाताना दिसतो, आणि काहीच ठाऊक नसलेली त्सुगुमी त्याला हर्षाने आत बोलावते.

येथे दिग्दर्शकाने कथेचे दोन शेवट दाखविले आहेत. पहिल्यात मेइको सारे काही बोलून टाकते. मैत्रीण उठून जाते, पाठोपाठ तो पुरुषही जातो, आणि मेइको ओंजळीत तोंड लपविते. कॅमेरा एकदम तिच्या चेहऱ्यापाशी धावतो (हे तंत्र आम्हाला थोडे ढोबळ वाटले) आणि ती मान वर करते, तो दोघे जागच्या जागी बसलेले आहेत. जे घडले ते तिच्या मनात घडले होते. मग ती काही कामाचे निमित्त सांगून उठते आणि त्या दोघांना एकमेकांच्या सोबतीत सोडून निघून जाते.

मेइको ही काही आदर्श स्त्री नव्हे. तिचा अहंकार आणि तिची मालकीची हाव दिग्दर्शकाने झाकलेली नाही. तरी त्या एका क्षणात तिने जे केले त्याला आमच्या परंपरेत नाव आहे. संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात निर्णयाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या साधकाला कल्पनाशक्ती वापरण्यास सांगितले आहे. आपण मरणशय्येवर आहोत अशी कल्पना करावी आणि आज घेत असलेला निर्णय त्या घटकेला कसा वाटेल, हे पाहावे. कल्पना म्हणजे वास्तवापासून पळून जाण्याची वाट, अशी समजूत असणाऱ्यांनी हे ध्यानात घेण्याजोगे आहे. मेइकोला आपल्या वाक्याने मोडणारे घर वाक्य उच्चारण्यापूर्वीच दिसले, म्हणून ते वाक्य ओठांतच राहिले.

दुसऱ्या कथेपाशी आम्ही अधिक रेंगाळणार आहोत. प्राध्यापक सेगावा हे विद्यापीठात शिकवितात आणि कादंबरीही लिहितात. सासाकी नावाच्या विद्यार्थ्याला त्यांनी अनुत्तीर्ण केले आहे. दूरचित्रवाणीवर निवेदक होण्याचे त्याचे स्वप्न त्यामुळे भंगणार आहे. तो भुईवर डोके टेकून गयावया करतो. प्राध्यापकांच्या खोलीचे दार सताड उघडे आहे आणि समोरच्या वर्गातील मुले ते पाहत आहेत. सेगावा दार लावू देत नाहीत. पुढे त्यांच्या कादंबरीला अकुतागावा पारितोषिक मिळते आणि सासाकीच्या मनातील सूड जागा होतो. त्याचे नाओ नावाच्या एका विवाहित, वयाने मोठ्या विद्यार्थिनीशी संबंध आहेत. प्राध्यापकांना मोहात पाडून त्यांची बदनामी करण्यासाठी तो तिला पाठवितो. नाओ जाते. लपविलेल्या यंत्रावर ध्वनिमुद्रण चालू ठेवून त्यांच्याच कादंबरीतील एक कामुक उतारा ती मोठ्याने वाचू लागते. ती दार लोटते, ते उठून उघडतात. (हा प्रसंग लांब आहे आणि संकोच वाटावा असा आहे. ज्यांना तो सोसणार नाही, त्यांनी हा चित्रपट न पाहिल्याने त्यांचे काही उणे होणार नाही.)

दाराचा हा विषय आम्हा धर्मगुरूंना परका नाही. २००२ साली अमेरिकेतील बोस्टन येथील प्रकरणे उघडकीस आली. त्यानंतर देशोदेशी तशीच दुःखद सत्ये बाहेर येत राहिली. आपल्याकडे २०१२ साली बालकांच्या संरक्षणाचा कायदा झाला. आता धर्मग्रामांच्या कार्यालयांत दाराला काच बसविलेली दिसते, आणि कोणी मूल भेटीस आले की दार उघडे ठेवण्याचा दंडक असतो. आम्हाला याचा राग नाही. बंद दाराआड काही धर्मगुरूंनी लेकरांचा विश्वासघात केला हे सत्य आहे, आणि त्या लेकरांच्या आयुष्यापुढे आमची गैरसोय कवडीमोलाची आहे. तरी त्या उघड्या दाराची एक किंमत असते आणि ती बहुधा तिसराच कोणी भरतो. नवऱ्याच्या व्यसनाविषयी बोलावयास आलेली स्त्री ओसरीवरून कोणी जाताना दिसले की गप्प होते आणि मग पुढच्या मिस्साच्या वेळा विचारून निघून जाते.

म्हणूनच या प्रसंगातील पुढचा भाग आम्ही एकाग्र होऊन पाहिला. सेगावा मोहात पडत नाहीत. पण ते नाओला हाकलूनही देत नाहीत. आपण ध्वनिमुद्रण करीत होतो, असे ती स्वतःच कबूल करते. त्यावर ते शांतपणे तिच्याशी बोलतात. जगाने ठरविलेल्या मापाने स्वतःला मोजू देऊ नये, जगाला ज्याची किंमत कळत नाही ते तुमचे तुम्ही जपावे, अशा आशयाचे त्यांचे बोलणे आहे. स्वतःविषयी फार थोडे चांगले ऐकलेल्या त्या स्त्रीचा चेहरा हळूहळू बदलत जातो. सापळा रचावयास आलेली व्यक्ती त्याच खुर्चीवर बसून आपले अंतःकरण उघडते, आणि हे सारे उघड्या दारात घडते. दार उघडे ठेवूनही एकांत निर्माण करता येतो; त्यासाठी ऐकणाऱ्याचे पूर्ण लक्ष लागते. कोणत्याही प्रवचनापेक्षा आम्हाला येथे अधिक शिकावयास मिळाले.

आणि नंतर तो अपघात. ते ध्वनिमुद्रण आपणास पाठवावे, अशी विनंती प्राध्यापकांनी केलेली असते. घरी नाओ ई-मेल लिहीत असता घरपोच सामान देणारा माणूस दार वाजवितो. त्याच्या कंपनीचे नाव सागावा, प्राध्यापकांचे नाव सेगावा. रोमन लिपीत एका अक्षराचा फरक; आपल्या देवनागरीत तर अवघ्या एका मात्रेचा. तिचे बोट चुकते आणि ते ध्वनिमुद्रण विद्यापीठातील भलत्याच पत्त्यावर जाऊन पडते. ज्या माणसाने आयुष्यभर दार उघडे ठेवले, त्याला विद्यापीठ सोडावे लागते. तिचा संसार मोडतो. पाच वर्षांनी नाओ आणि सासाकी यांची बसमध्ये गाठ पडते, तेव्हा तो लग्नाच्या बोहल्यावर चढण्याच्या तयारीत आहे आणि सेगावा कोठे आहेत हे कोणालाच ठाऊक नाही. नाओ त्याच्याशी काय वागते, ते येथे सांगत नाही.

येथे श्रद्धावंताने काय म्हणावे? ती चुकीची मात्रा धन्याने घातली काय? आमच्या मते, येथे ‘देवाची इच्छा’ हे शब्द उच्चारण्याची घाई करू नये. मर्तिकाच्या घरी गेल्यावर लोक आमच्या तोंडून याच शब्दांची अपेक्षा करतात. रस्त्यावर सांडलेल्या तेलामुळे ज्याची दुचाकी घसरली, त्या मुलाच्या बापासमोर ते शब्द आम्ही उच्चारीत नाही. त्याचा हात हातात धरून बसतो. संत थॉमस यांचा आधार येथेही आम्हाला आहे. सर्वच गोष्टी अटळपणे घडाव्यात, अशी परमेश्वराची योजना नाही, असे ते म्हणतात. काही गोष्टी घडूही शकतात आणि न घडूही शकतात, अशाच रीतीने त्याने त्या निर्मिल्या आहेत. चौक धन्याचा आहे, पण ठेच सेवकाला लागते, आणि ती खरीच लागते.

चित्रपट जपानचा असल्यामुळे वसईकर वाचकाला आपल्या संत गोन्सालो गार्सिया यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. वसईत जन्मलेला हा पुरुष प्रथम जपानमध्ये व्यापार करीत होता, पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि १५९३ साली दुभाष्या म्हणून पुन्हा जपानला गेला. १५९६ साली ‘सान फेलिपे’ नावाचे स्पॅनिश गलबत वादळात सापडून जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागले. त्यातील मालावरून तंटा उद्भवला, हिदेयोशी या सत्ताधीशाचा संशय आणि क्रोध भडकला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस जणांना क्रुसावर चढविण्यात आले. त्यांत गोन्सालो होते. ते गलबत दुसऱ्या वाऱ्याने दुसरीकडे गेले असते तर? १८६२ साली ख्रिस्तसभेने त्यांना संत म्हणून घोषित केले, तेव्हा दोनशे पासष्ट वर्षांच्या अंतरावरून मागे वळून पाहणाऱ्यांना त्या वादळातही एक रेषा दिसली असेल. वादळात सापडलेल्या खलाशाला ती दिसावी अशी अपेक्षा कोणी करू नये.

हामागुची यांनी आपल्या या कथांच्या संदर्भात फ्रेंच दिग्दर्शक एरिक रोमेर यांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. २०१० साली दिवंगत झालेले रोमेर हे कॅथलिक होते आणि योगायोग हा त्यांचा आयुष्यभराचा विषय होता. त्यांच्या १९९२ सालच्या ‘हिवाळ्याची कथा’ या चित्रपटातील नायिका प्रियकराचा निरोप घेताना आपल्या पत्त्यात चुकीच्या गावाचे नाव देते आणि दोघांची ताटातूट होते. पाच वर्षे ती त्याच्या मुलीला वाढवीत, कोणताही पुरावा नसताना, तो पुन्हा भेटेल या आशेवर जगते. एका चर्चमध्ये बसली असता तिच्या मनात लख्ख प्रकाश पडतो. पुढे बसमध्ये तो तिच्यासमोर येऊन बसतो. तेथे पत्त्याची चूक आणि बस, येथेही पत्त्याची चूक आणि बस! रोमेर यांच्या जगात पास्कालच्या पैजेची चर्चा होते आणि आशेला कृपेचे फळ येते. हामागुचींच्या जगात देवाचे नाव कोणी घेत नाही. नाओला त्या बसमध्ये कृपा भेटत नाही, सासाकी भेटतो. आम्ही अर्थातच रोमेर यांच्या पंथाचे. पण आमच्या कार्यालयात येणारी बहुतेक माणसे नाओच्या बसमधून उतरून आलेली असतात, हेही खरे.

संत लूकच्या शुभवर्तमानात एक शब्द आहे, ज्याकडे पाळकांचे क्वचितच लक्ष जाते. दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात, यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर घायाळ होऊन पडलेल्या मनुष्याजवळून प्रथम एक याजक जातो. तो त्या वाटेने ‘योगायोगाने’ येतो, असे मूळ ग्रीक वचनात आहे. संपूर्ण नव्या करारात तो ग्रीक शब्द याच एका ठिकाणी आलेला आहे, आणि तो नेमका याजकाच्या वाट्याला यावा, हे आम्हा धर्मगुरूंना थोडे टोचणारे आहे. याजक, लेवी आणि शोमरोनी या तिघांनाही तीच वाट, तीच घटका, तोच घायाळ मनुष्य लाभला. योगायोगाने तिघांना सारखेच दिले. याजकाला तेथे एक अडचण दिसली. शोमरोन्याला आपण स्वतः त्या धुळीत पडलो आहोत असे दिसले असावे. नाहीतर परक्या जातीच्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतावयास कोण बसेल? त्याच्या कळवळ्याच्या मुळाशी कल्पनाशक्ती आहे, असे आमचे मत आहे. दुसऱ्याच्या जागी स्वतःला पाहता येणे, हे तिचे काम.

तिसरी कथा याच कामाची आहे, आणि ती आमच्या मते या चित्रपटाचा मुकुटमणी होय. संगणकांत शिरलेल्या एका विषाणूमुळे सर्वांची खासगी माहिती जगभर उघडी पडली आणि माणसे पुन्हा पत्रे व तारा यांच्याकडे वळली, अशी कल्पना करून तिची सुरुवात होते. ही क्लृप्ती एवढ्यासाठीच, की कोणालाही कोणाचा शोध यंत्रावर घेता येऊ नये. नात्सुको नावाची स्त्री शाळेच्या जुन्या विद्यार्थिनींच्या मेळाव्यासाठी सेन्दाई शहरात येते. जिच्यासाठी आली ती तेथे नसतेच. दुसऱ्या दिवशी परत निघाली असता रेल्वे स्थानकाच्या सरकत्या जिन्यावर तिला तीच मैत्रीण समोरून येताना दिसते. एक वर चालली आहे, दुसरी खाली. दोघी माना वळवून पाहतात, पुन्हा जिना गाठतात, आणि आनंदाने एकमेकींना भेटतात. ती स्त्री, आया, नात्सुकोला आपल्या घरी चहाला नेते.

बराच वेळ गप्पा होतात. नात्सुको विचारते, तू सुखी आहेस का? आयाला पटकन उत्तर देता येत नाही. मग तीच संकोचाने विचारते, माझे नाव काय, सांगशील? आणि उलगडा होतो. या दोघी एकमेकींच्या कोणीच नाहीत. शाळाही वेगवेगळ्या. नात्सुकोने हिला मिका समजले होते, आणि आयाने तिला आपली दुसरीच एक शाळासोबतीण, जिचे नावही आता आठवत नाही. दोघींना भयंकर लाज वाटते. येथे दुसरा कोणी असता तर हसून विषय संपवून टाकला असता. पण आया तिला विचारते, मिकाला तुला काय सांगावयाचे होते? आणि मीच मिका आहे असे समजून बोल, असे सुचविते.

मिका हे नात्सुकोचे पहिले प्रेम होते. पुढे मिकाने एका पुरुषाची निवड केली. दिग्दर्शकाने या गोष्टीचा गाजावाजा केलेला नाही. ख्रिस्तसभेच्या १९९२ सालच्या धर्मशिक्षणग्रंथाने अशा व्यक्तींना आदराने, करुणेने आणि हळुवारपणे वागवावे असे सांगितले आहे. आमच्या घरांतून तेवढे जरी घडले, तरी कितीतरी माणसांना वीस वर्षे मुकी राहावे लागणार नाही. नात्सुको वीस वर्षांनी बोलते. तेव्हा मी तुला अडवावयास हवे होते. माझ्यामुळे तुला दुःख झाले असते, तरी बोलावयास हवे होते, असे ती सांगते. तुझ्या आयुष्यात एक पोकळी असेल, तशीच माझ्यातही आहे, आणि त्या पोकळीतूनच आपण अजून जोडलेल्या आहोत, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. समोरची स्त्री मिका नाही, हे दोघींना पूर्ण ठाऊक आहे. तरी ऐकणाऱ्या आयाच्या डोळ्यांत जे उमटते, ते सोंग नव्हे.

सेन्दाई हे तोहोकू प्रदेशाचे प्रमुख शहर. ११ मार्च २०११ च्या भूकंपाने आणि त्सुनामीने तोच प्रदेश उद्ध्वस्त केला होता. त्यानंतर हामागुची यांनी को साकाई या सहकाऱ्यासह तेथे राहून आपद्‌ग्रस्तांचे माहितीपट केले. त्यांची रीत अशी, की ओळखीच्या दोघांना समोरासमोर बसवावयाचे आणि त्यांना एकमेकांशी बोलू द्यावयाचे. समोर ऐकणारा असला की माणूस काय बोलू शकतो, हे त्या दिग्दर्शकाने उद्ध्वस्त घरांच्या प्रदेशात शिकून घेतले असावे. आयाच्या घरातील त्या चहाच्या वेळेला त्याचा वास आहे.

दुसऱ्याच्या जागी बसून ऐकणे, हे आमचेही काम आहे. प्रायश्चित्त संस्काराचे ईशज्ञान वेगळे आणि त्याचा अधिकारही वेगळा. त्याची तुलना नाटकातल्या भूमिकेशी करण्याचा आमचा हेतू नाही. क्षमा करतो तो प्रभूच, आम्ही त्याच्या जागी बसलेले. परंतु जाळीपलीकडून येणारे शब्द पुष्कळदा आमच्यासाठी नसतातच, आणि कित्येकदा ते पापाविषयीही नसतात. ते वारलेल्या आईसाठी असतात, बांधाच्या भांडणात दुरावलेल्या भावासाठी असतात, परदेशी गेलेल्या आणि पत्र न पाठविणाऱ्या मुलासाठी असतात. ती व्यक्ती समोर असती तर जे बोलले गेले असते, ते आम्हाला बोलून दाखविले जाते. आम्ही आई नाही, भाऊ नाही, हे उभयतांना ठाऊक असते. अशा वेळी ‘हे पापनिवेदनात बसत नाही’ असे म्हणून खिडकी लावून घेणे शक्य असते. ते याजकाचे योगायोगाने येणे आणि वाट सोडून निघून जाणे होय. रांग लांब असते, मिस्साची घंटा व्हावयाची असते. कारणांची वाण कधीच नसते.

आयाने कारण शोधले नाही. आणि तिच्या या उदारपणाची परतफेडही लगेच होते. नात्सुकोला स्थानकापर्यंत सोडावयास ती येते, तेव्हा नात्सुको म्हणते, आता मी तुझी ती मैत्रीण होते. मग भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गर्दीत, आया आपल्या पियानो वाजविणाऱ्या, विसरलेल्या सोबतिणीशी बोलते. एका सुखवस्तू घरातील या गृहिणीलाही काही बोलावयाचे राहून गेले होते, हे तोवर तिलाही नीटसे ठाऊक नव्हते.

आमच्या एका स्नेही धर्मगुरूंनी या कथेवर आक्षेप घेतला, की हे सारे खोट्यावर उभे आहे. खऱ्या मिकाला तर काहीच कळले नाही. आक्षेप बिनतोड आहे. मिका कोठेतरी तिचे आयुष्य जगत असेल. पण रूथ बवाजच्या शेतात गेली तीही मुद्दाम नव्हे. त्या वेळी तिला फक्त सरवा वेचावयाचा होता, आणि मूळ हिब्रू शास्त्रलेख ते शेत तिला योगायोगाने लाभले असेच म्हणतो. संत मत्तयच्या वंशावळीत तिचे नाव पुढे येणार, हे तिच्या टोपलीत त्या दिवशी नव्हते. नात्सुकोच्या टोपलीत काय पडले, हे दिग्दर्शकाने सांगितलेले नाही, आणि आमच्या स्नेह्यांना आम्ही तेवढेच सांगितले. त्यांचे समाधान झालेले नाही.

स्थानकापाशी दोघी निरोप घेतात आणि आपापल्या दिशेने चालू लागतात. थोड्याच वेळात आया धावत परत येते. धाप लागलेली आहे. तिला त्या मैत्रिणीचे नाव आठवले आहे, आणि ते सांगावयास या क्षणी जगात नात्सुकोखेरीज दुसरे कोणी नाही. नोझोमी, ती म्हणते. जपानी भाषेत या नावाचा अर्थ आशा असा आहे. गाडीची वेळ होत आली आहे आणि त्या दोन अनोळखी स्त्रिया स्थानकाच्या दारात एकमेकींना मिठी मारून उभ्या आहेत.